यंदाचा होकार

९ जुलै

आत्या,

नमस्कार मागाहून, आधी चूक. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की यंदाही आईनं विहिरीत बाबांचा सदरा टाकला, आत दगड बांधून, दरवर्षीसारखा. ते खरं नाही. काल केर काढताना कॉटखाली हात घातला तर बाबांचा एकच बूट लागला. दुसरा कुठे गेला म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, "सदऱ्यात होता की. तू बघितलं नाहीस?" मी बघितलं नव्हतं. सदरा तेवढा बघितला आणि आत दगडच असणार असं धरून चालले. बघितलेलं वेगळं आणि धरून चाललेलं वेगळं, हे तू आणि बाबांनी मला शाळेचं तोंड बघायच्या आधीच घरात शिकवलं होतं. तेच विसरले.

"ही टाकाटाकीची काय भानगड आहे?" असं तू गेल्या वर्षीच विचारलं होतंस. सगळं क्रमानं लिहिते, म्हणजे माझं आणखी काही चुकलं असेल तर तुला दिसेल.

जुन्या खाणीत बाबांसह बारा माणसं आतच राहिली, ती वर आलीच नाहीत, त्याला नऊ वर्षं झाली. पाळण्यात बसून माणसं ज्या विहिरीतून खाली उतरायची, तिच्या तोंडावर तेव्हाच लोखंडी पत्रे ठोकले. मधोमध एक झडप ठेवली आहे, ताटाएवढी. दर दोन जुलैला बाराही घरची माणसं तिथे जमतात. पहारेकरी म्हातारबा झडप उघडतो. एकेका घरानं आपल्या माणसाची एक वस्तू आत सोडायची आणि खालच्या हौदात ती पडल्याचा आवाज येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. त्या आवाजाला आमच्याकडे होकार म्हणतात. हे कोणी सुरू केलं ते कोणालाच नीट आठवत नाही. तू इथून गेल्यानंतरचं आहे सगळं.

बाबांचं पाळण्यावरचं घड्याळ माझ्याकडे आहे, कळ दाबली की थांबतं ते. दरवर्षी मी वेळ घेते, कशासाठी म्हणून नाही, हातात घड्याळ असतं म्हणून. गेल्या वर्षी बाबांचा होकार नऊ सेकंदांनी आला होता. यंदा पाचच.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "लवकर आला." शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमचाही." परत येताना कोणीतरी हळूच म्हणालं की ते वर येताहेत.

तेव्हापासून आईनं बाबांची गादी उन्हात टाकायला सुरुवात केली आहे. दुपारी ती झडपेपाशी जाऊन बसते, फटीवर तळहात धरून. म्हणते, आतून श्वास येतो. आत्या, मीही हात धरून पाहिला. येतो. गार, ओल्या लोखंडाच्या वासाचा. तुझ्याशी खोटं कसं बोलू?

आता मला एवढंच सांग. बुटानं चार सेकंद कमी होऊ शकतात का?

तुझी,
मुंगी

*

१७ जुलै

मुंगे,

होऊ शकतात. झडपेवरचा हात काढ आणि शांतपणे वाच.

पॅराशूटच्या कारखान्यात मी बावीस वर्षं काढली. लोकांना वाटतं आम्ही कापड शिवतो. आम्ही हवा शिवतो. पृथ्वी सगळ्यांना सारखंच ओढते, दगडाला, पिसाला, तुला, मला, तिच्याकडे आवडतं-नावडतं नाही. भेदभाव करते ती हवा. वस्तू जितकी पसरट आणि जितकी हलकी, तितकी हवा तिला खालून धरून ठेवते. आणि वस्तू वेगात आली की हवाही जास्त जोरानं ढकलते, शेवटी दोघींची बरोबरी होते आणि वेग वाढायचाच थांबतो. त्याच बरोबरीवर आमचे शिपाई जिवंत जमिनीला टेकायचे.

तू चार वर्षांची असताना माझ्या अण्णानं, तुझ्या बाबानं, तुला पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर नेलं होतं, आठवतं? एक कागद सपाट सोडला, एक चुरगाळून सोडला. तू म्हणालीस, "चुरगाळलेला जड झाला." अण्णा इतका हसला की खाली पाणी भरणाऱ्या बायकांनी वर बघितलं. मग त्यानं तुझ्या बोटावरची मुंगी जिन्यावरून खाली सोडली, आणि तू रडत खाली पळालीस तर ती आपली चालत निघाली होती. इतक्या छोट्या जिवाला हवाच गादीसारखी असते. तुझं नाव तेव्हा पडलं.

आता तुझं गाठोडं. दरवर्षी वहिनी सदऱ्यात दगड बांधायची, पण बाह्या मोकळ्या सोडायची ना? वाटलंच मला. त्या दोन बाह्या आणि घेर म्हणजे गरिबाचं पॅराशूट. यंदा आत खिळे मारलेला खाणीचा बूट, आणि मला वाटतं तो मावावा म्हणून तिनं बाह्यांची गाठ मारली असेल. गाठ मारली की छत्री मिटली. मग ते गाठोडं लवकर जाणार नाही तर काय करणार?

श्वासाचंही तसंच. बाहेरची हवा जड-हलकी झाली की बंद जागेतली हवा आत-बाहेर करते. रिकाम्या बाटलीच्या तोंडाला हात लाव.

वहिनीला समजावून सांग. हळू सांग, पण सांग. गाद्या उन्हात टाकून माणूस परत येत नाही आणि तिनं त्या वाटेवर बसावं हे अण्णाला चाललं नसतं. भूत नाही, बाह्या आहेत.

मला तिकडे यायला सांगू नकोस. गुडघे दुखतात.

आत्या

*

१ ऑगस्ट

आत्या,

तू सांगितलंस तसं केलं. आता सगळंच बिघडून बसलं आहे.

बाह्यांना गाठ मारली होती, हे आईला विचारून घेतलं. मग रविवारी बाराही घरच्यांना टाकीपाशी बोलावलं. दोन सारखे रुमाल, दोन सारखे दगड. एक दगड रुमालाच्या चार टोकांना दोऱ्यांनी लटकवलेला, दुसरा रुमालात घट्ट आवळलेला. जिन्यावरून दोन्ही एकदम सोडले. आवळलेला आधी पडला, दुसरा डुलत आला. मी तुझीच वाक्यं म्हटली, हवा, पसरट, घेर. कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, पटलं.

घरी गेल्यावर आईनं गादी गुंडाळली. म्हणाली, "म्हणजे नऊ वर्षं मी वाऱ्याशी बोलत होते." नंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. दादा म्हणाला, "मास्तरीणबाई, झालं समाधान? आई बरी हसायला लागली होती."

तिसऱ्या दिवशी मी दिवाखोलीच्या खिडकीत काचा पुसत होते. (खाणीत उतरणाऱ्याला दिवा देणं आणि वर आल्यावर परत घेणं, हे माझं काम अजून तेच आहे. जुन्या खाणीच्या बारा खिळ्यांवर अजून कोणी दिवा टांगत नाही.) शेजारच्या काकू आल्या. त्यांचे यजमान वजनकाट्यावर होते, ठाऊक आहे ना तुला? काकू खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून म्हणाल्या, "काय गं, माझ्या टोपीला बाह्या आहेत का?"

मी फडकं खाली ठेवलं.

"दरवर्षी मी एकच टोपी विणते. तीच लोकर, तेच टाके. आत खडे भरते आणि तोंड शिवते. आणि यांच्याच काट्यावर तोलून घेते, कारण यांना कमीजास्त खपत नसे. गुंजभर इकडेतिकडे नाही. तीही लवकर पोचली. आता हिच्यात कुठली छत्री मिटली ते सांग."

मी त्यांना वेळ विचारली. त्यांच्याकडे घड्याळ नाही, त्या मनात टाके मोजतात. म्हणाल्या, गेल्या वर्षीपेक्षा तीन टाके कमी भरले. काकूंच्या हाताचा वेग मी ओळखते. तो बदलत नाही.

आत्या, सारखी टोपी, सारखं वजन. म्हणजे तिच्यावर हवेचा अडसरही सारखाच. वस्तू बदलली नाही आणि वेळ बदलली. मी सगळ्यांसमोर उभी राहून आईच्या गाठोड्याचं उत्तर दिलं आणि बाकीच्या अकरा घरांचं विचारलंही नाही.

पाळण्याच्या मोडक्या यंत्रातल्या लोखंडी गोळ्या भांडारात पडून असतात, लिंबाएवढ्या. भांडारवाल्याला विचारून पाच घेतल्या. गुळगुळीत, जड, लहान. अशा गोळीला हवा फारशी अडवू शकत नाही. म्हातारबानं झडप उघडली. "तुझ्यासाठी म्हणून. साहेबाला कळलं तर मी झोपलो होतो," म्हणाला. एकेक करून पाची सोडल्या, कारण माझा अंगठा एखाद्या वेळी चुकेल, पाचही वेळा सारखा चुकणार नाही.

विहिरीची खोली बाबांनीच मला पाठ करून घेतली होती. तेवढ्या खोलीला, हवेचा अडसर आणि आवाज वर यायला लागणारा वेळ धरून, पावणेसात सेकंद व्हायला हवेत. पाचही वेळा साडेचारच्या थोडा पुढे काटा थांबला.

म्हणजे गोळी लवकर पडत नाही. ती जिथे पडते ती जागा वर आली आहे. विहीर जवळजवळ निम्मी भरली आहे. आणि खालून वर चढणारं मला एकच माहीत आहे. पाणी.

नवी खाण उताराच्या बाजूला आहे, आणि तिची पश्चिमेची वाट त्या पाण्याच्या पातळीच्या बरीच खाली येते. तिथे आता चाळीस माणसं उतरतात. दादा उतरतो.

कुठे चुकत असले तर लगेच लिही. चुकत असावी अशी फार इच्छा आहे.

मुंगी

*

१० ऑगस्ट

मुंगे,

तुझा अंगठा तापला असेल. किंवा विहिरीत एखादा वासा आडवा पडला असेल, पाळण्याच्या मार्गातला, कुजून निसटलेला. गोळी त्याच्यावर आपटते आणि तू तिला पाणी म्हणतेस. दोरी सोडून बघा. कार्यालयाकडे दोरी असते. गोळ्यांवरून एवढी मोठी गोष्ट बोलायची नाही.

काकूंच्या टोपीचं मला उत्तर देता येत नाही.

आणखी एक. हे तुला लिहिणार नव्हते. मी इथे ज्या खोलीत राहते तिथे भिंतीला ओल आहे. नऊ वर्षं मी रोज रात्री पाठ त्या भिंतीकडे करून झोपते, आणि मनात म्हणते, अण्णा निदान कोरड्यात आहे. खाण कोरडी होती, तो नेहमी सांगायचा, आमच्या खाणीत पाय भिजत नाहीत. ते एक धरून मी राहिले. आणि तू लिहितेस की निम्मी भरली.

मला थोडे दिवस लिहू नकोस. नाही, लिही. दोरीचं काय झालं ते लिही.

आत्या

*

२४ ऑगस्ट

आत्यास,

तुझ्या लाडक्या मास्तरीणबाईंनी आता खाण तपासायला घेतली आहे, म्हणून हा अडाणी सुरुंगवाला लेखणी हातात धरतो आहे. अक्षराला हसू नकोस, ही बोटं वात पेटवायला बरी.

ती सरळ मॅनेजरसाहेबांकडे गेली. अंगात धुतलेला सदरा, हातात घड्याळ, खिशात गोळ्या. साहेब म्हणाले, गोट्या टाकून खाण मोजता येते तर मला इथे कशाला बसवलंय? सगळं कार्यालय हसलं. मीही तिथेच होतो. मला हसू आलं नाही, पण न हसण्याइतकं धाडसही झालं नाही.

दोरी मागितली तर म्हणाले, तेवढी लांब दोरी नव्या खाणीच्या कामाला लागते, खेळायला नाही. नकाशात दोन खाणींमध्ये जाडजूड दगड सोडलाय असं दाखवलंय, आणि नकाशा साहेबांच्या भिंतीवर काचेत आहे. काचेतल्या गोष्टीशी भांडायचं म्हणजे फार झालं.

आत्या, तिला समजाव. ती रात्री उठून बसते. आईशी बोलत नाही, आई तिच्याशी बोलत नाही, आणि मी दोघींच्या मधे पातेल्यासारखा वाजत असतो. तिला चार दिवस तुझ्याकडे बोलावून घे. लहानपणी तुम्ही दोघांनी तिच्या डोक्यात जे भरलंत ते आता तिला भाताच्या घासातही दिसतं.

माझी काळजी करू नकोस. मी सध्या पूर्वेकडच्या वाटेवर आहे, जुन्या खाणीपासून लांब.

तुझा,
दादू

*

३० ऑगस्ट

आत्या,

दोरी मिळाली नाही. पण वाशाची शंका फिटली. तुझी शंका बरोबर होती, मी आधी ती तपासायला हवी होती.

काल म्हातारबाकडून पुन्हा झडप उघडवली. तशाच पाच गोळ्या, तेच घड्याळ, मीच. चार आठवड्यांत वेळ सेकंदाच्या पाव हिश्शाएवढी आणखी कमी झाली. पाचही वेळा. गोळी वाशावर पडत असती तर वेळ तीच राहिली असती. लाकूड वर चढत नाही.

पाणी कुठून येतं तेही म्हातारबानं दाखवलं. नव्या खाणीतलं पाणी उपसून ज्या चरात सोडतात, तो चर जुन्या विहिरीच्या भिंतीला लागून जातो. भिंतीपाशी तो भरून वाहतो आणि वीस पावलं पुढे निम्मा होतो. मधलं पाणी कुठे जातं, कोणी बघितलेलं नाही. म्हातारबा म्हणाला, "मला वाटायचं जमीन तहानलेली आहे." म्हणजे ते एका खाणीतून काढतात आणि दुसरीत भरतात. साहेबांना हे सांगायला गेले तर त्यांनी दार पुढे केलं. या वेळी कोणी हसलं नाही.

दादानं तुला पत्र लिहिलं, हे त्यानंच सांगितलं. पूर्वेकडच्या वाटेवर आहे असं लिहिलं असेल तर ते खरं नाही. परवा सकाळी दिव्यांच्या रांगेत त्याचा जोडीदार म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेपासून आम्हाला मोठे दिवे दे. पश्चिमेला काळोख फार, आणि तुझा दादा वात लावताना जवळून बघतो." दादानं त्याला कोपरानं ढोसलं. मी दादाकडे बघितलं, त्यानं दिव्याची काच पुसायला घेतली. काच स्वच्छ होती.

त्या बावीसला पश्चिमेच्या वाटेच्या टोकाशी नवा सुरुंग लावायचा आहे. जुन्या खाणीच्या दिशेनं, आणि मधला दगड फुटला तर तिथलं सगळं पाणी त्यांच्यावर. मधे किती दगड उरलाय ते नकाशा सांगतो, पण नकाशा झाल्यावरही बाबांची माणसं दोन वर्षं पुढे खणत होती. ते नकाशावर चढलं का, हे साहेबांना विचारलं होतं. त्याचंच उत्तर म्हणून दार पुढे आलं.

आईला मी काल सांगितलं. तिला खोटं पाडलं होतं, तर खरं मीच सांगायला हवं. ती शेगडीपाशी बसली होती. म्हटलं, "आई, तू बरोबर ऐकलं होतंस. होकार खरंच लवकर आला. बुटामुळे थोडा, पण सगळा नाही." तिचा चेहरा असा उजळला की मला पुढचं बोलवेना. तरी बोलले. पाणी, पातळी, वाट, दादा.

तव्यावरची भाकरी करपली तेव्हा तिनं ती उचलली आणि म्हणाली, "म्हणजे येतंय ते माझ्याकडे नाही. त्याच्याकडे."

मग तिनं दादाला हाक मारली आणि जेवायला वाढलं. तो जेवत असताना सगळा वेळ त्याच्या पायांकडे बघत होती, बूट भिजलेत का ते.

रात्री मला बाबांचा पाळणा ऐकू येतो. तो नऊ वर्षांपूर्वीच मोडून काढला हे मला माहीत आहे. तरी लोखंडाचा दोर सुटल्यासारखा आवाज येतो आणि मी आपोआप मोजायला लागते. मोजणं दर वेळी आधीच्यापेक्षा लवकर संपतं. हे पुरावा म्हणून लिहीत नाही. तुला सगळं सांगायचं म्हणून लिहिते.

मुंगी

*

८ सप्टेंबर

मुंगे,

मी दोन दिवस कागदावर तुझ्या गोळ्या टाकल्या. हवा जास्त धरून बघितली, कमी धरून बघितली. आवाजाचा वेग बदलून बघितला. तुझा अंगठा प्रत्येक वेळी आळशी होता असंही धरलं. जमत नाही. चार सेकंद बुटाच्या माथी मारले तेव्हा मी नीट हिशेब केलाच नव्हता. जिला हवेचं इतकं ठाऊक, तिला सगळीकडे हवाच दिसली. आणि मला तीच हवी होती.

पाणी आहे. अण्णा पाण्यात आहे. हे एकदा लिहून टाकलं, आता पुढचं.

साहेबांच्या वरच्या साहेबांना अर्ज करशील तर उत्तर दिवाळखोराच्या वायद्यासारखं येईल. बावीस त्याच्या आधी येईल. तुझ्या दादाला सांगून उपयोग नाही, तो न उतरला तर त्याच्या जागी दुसऱ्या कोणाचा तरी दादा उतरेल.

अण्णाबद्दल तुला एक माहीत नाही, तेव्हा तू पाळण्यात होतीस, खाणीच्या नाही, आपल्या घरच्या. तेव्हा तो वर पाळण्याचं यंत्र चालवायचा. एकदा दोराचा आवाज त्याला वेगळा वाटला. दिसत काही नव्हतं. मुकादम शिव्या देत होता, खाली उतरायला माणसं रांगेत होती. अण्णानं यंत्राचा दांडा काढला, खांद्यावर टाकला आणि घरी येऊन जेवायला बसला. म्हणाला, "आता उतरा म्हणावं." दुसऱ्या दिवशी दोर तपासला. तो खराब होता की नव्हता, हे त्यानं मला कधीच सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "ते दुसऱ्या दिवशीचं झालं. मला त्या दिवशीचं ठरवायचं होतं."

काय कर ते मी सांगणार नाही. मी इथे सुखरूप बसले आहे आणि नोकरी तुझी जाणार. तुझ्या हातून काय जातं आणि कोणाच्या हातात जातं, तेवढं बघ.

गुडघ्यांचं खोटं होतं. मी त्या झडपेसमोर उभी राहू शकत नाही, एवढंच.

आत्या

*

१७ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र काल आलं. सात-आठ दिवस टपाल धरलं तर हे तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. म्हणून सल्ला विचारत नाही.

पुन्हा गोळ्या सोडायला गेले होते. झडपेला नवं कुलूप आहे, किल्ली साहेबांकडे. म्हातारबाला फाटकावर हलवलंय. तरी मी पत्र्यावर तळहात ठेवला. पत्र्याच्या सांध्यांतूनही श्वास येतो आहे, पूर्वीपेक्षा जोरात, आणि तो आता थांबून थांबून येत नाही. तू सांगितलेली बाटली मी आठवली. बाटली भरत असली तरीही हवा अशीच बाहेर येते.

काल संध्याकाळी काकू, आई आणि आणखी सात घरच्या बायका आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, रुमाल न घेता. काकूंनी विचारलं, "चुकलीस तर?" मी म्हटलं, "चुकले तर चाळीस माणसांचा दिवस बुडेल, दादा माझ्याशी बोलणार नाही, आणि मला इथून काढतील. ते बरोबरच होईल." "आणि नाही चुकलीस तर?" त्याचं उत्तर आईनं दिलं. म्हणाली, "तर काही होणार नाही. कोणाला कळणारसुद्धा नाही. सगळे म्हणतील, पोरगी उगीच घाबरली." आणि ती हसली, आत्या. जुलैत हसायची तशी नाही, पण हसली.

दिव्याशिवाय खाणीत कोणी पाऊल ठेवत नाही, हा साहेबांचा स्वतःचा नियम आहे. दिवाखोलीला एकच दार, एकच खिडकी. किल्ली माझ्याकडे असते. दुसरी किल्ली कार्यालयात आहे, ती घेऊन येतील, म्हणून बायका दारात बसणार आहेत. किती वेळ बसता येईल माहीत नाही. दोरी आणून, झडप उघडून, सगळ्यांसमोर मोजेपर्यंत, एवढंच आमचं मागणं. दोरी कोरडी वर आली तर मी स्वतः चाळीसही दिवे पेटवून हातात देईन आणि सगळ्यांची माफी मागेन. तो माफीचा कागद मी आजच लिहून ठेवला असता, पण आईनं लेखणी काढून घेतली.

दादाला अजून सांगितलेलं नाही. त्याच्यापासून काही लपवायची ही माझी पहिलीच वेळ, आणि मला ती जमत नाही. आज जेवताना तो म्हणाला, "मास्तरीण, तू अशी बघतेस जशी मी पडणार आहे आणि तू वेळ घेणार आहेस." मी भात पुढे केला.

भीती वाटते. दिवसा जास्त वाटते, कारण दिवसा सगळं इतकं नेहमीसारखं दिसतं. चर वाहतो, नव्या खाणीचा पाळणा वरखाली होतो, माणसं दिव्यासाठी हात पुढे करतात आणि मी देते. आजही दिले. उद्याही देईन, परवाही, कारण तोवर पश्चिमेला फक्त राडारोडा उचलायचं काम आहे. ते मी दोनदा विचारून घेतलं आहे. सुरुंगाची भोकं पाडायला ते पहिल्यांदा सकाळच्या पाळीला उतरतील. रांगेत पहिला नेहमी दादा असतो.

सोमवार, बावीस सप्टेंबर, सकाळी सहा वाजता मी खिडकी उघडणार नाही.

मुंगी